समोरच्या दारातला गोली: याला करिअर म्हणायचं का?

सुगरण_नव्हे
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोतल्या एका मध्यम गावात राहतो. गावाचा आइस हॉकीचा संघ आहे, ईसीएचएलमधला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सगळ्यात वर एनएचएल, तिच्याखाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल. संघाने आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये चार-पाच फ्लॅट खेळाडूंसाठी घेऊन ठेवलेत. ऑक्टोबरपासून आमच्या समोरच्या दारात त्यांचा एक गोली राहायचा. गोली म्हणजे गोलरक्षक. वय २७, कॅनडाचा, कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेला. बाल्कनीत पायाचे पॅड वाळत घातलेले असायचे, दोन छोट्या गाद्या उभ्या केल्यासारखे. वासाबद्दल बोलत नाही, आमच्या आजोळी सुकट वाळत घालायचे एवढंच सांगते.

सामन्याच्या दिवशी दुपारी एकला भात आणि चिकन, मग तीनपर्यंत झोप. उठला की खाली पार्किंगच्या भिंतीवर टेनिसचे बॉल मारत बसायचा. एका हाताने मारायचा, दुसऱ्याने झेलायचा, एकाच वेळी तीन-तीन बॉल. माझा मुलगा (वय १२) तासन्‌तास बघत बसे. पुढे दोघं मिळून खेळायला लागले.

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी साडेनऊला त्याला फोन आला. दुपारी दोन वाजता गाडी भरून तयार. वरच्या संघाने आपला करारातला मुलगा खाली पाठवला होता, म्हणून याला सोडलं. जाताना राइस कुकर मला दिला आणि एक काठी मुलाला.

आता मुलगा म्हणतो, मला गोलीच व्हायचंय. नवऱ्याचं म्हणणं, बघितलंस ना काय झालं त्याचं? मला खरंच जाणून घ्यायचंय. शिकलासवरलेला माणूस सत्ताविसाव्या वर्षी असं का जगतो? याला करिअर म्हणायचं की छंद?

खवचट_खंडू
शीर्षक वाचून वाटलं समोरच्या दारात मेडिकलचं दुकान उघडलं. (हलके घ्या.)

गिरगाव_ते_ग्रँडरॅपिड्स
ताई, आमच्या गावात एएचएलचा संघ आहे आणि अकरा वर्षं हंगामी तिकीट काढतोय, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

गोलीचं दुखणं हिशेबात आहे. प्रत्येक सामन्याला संघात १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन आणि २ गोली. फॉरवर्ड आलटून पालटून ४०-४५ सेकंद बर्फावर असतात, त्यामुळे बाराव्या नंबरच्यालाही रोज थोडंफार खेळायला मिळतं. गोली मात्र खेळला तर साठच्या साठ मिनिटं, नाहीतर शून्य. एनएचएलमध्ये ३२ संघ, म्हणजे जगात वरच्या दर्जाच्या गोलीच्या जागा ६४. त्यातल्या निम्म्या बाकावर बसायच्या. एएचएललाही ३२ संघ, परत तेच गणित. कोणी निवृत्त झाला, जायबंदी झाला किंवा ढेपाळला तरच रांग सरकते.

दुसरं म्हणजे करार. तुमच्या शेजाऱ्याचा करार ईसीएचएल संघाशी असणार. पण त्या संघाचं वर एएचएल आणि एनएचएलशी साटंलोटं असतं. वरच्यांनी ज्याच्यात पैसा गुंतवलाय तो मुलगा खाली आला की त्याला खेळवायचंच, कारण तो खाली येतोच सामने मिळावेत म्हणून. मग स्थानिक करारवाला उडतो. त्यात त्याच्या खेळाचा काही दोष नसतो. महिनाभर उत्तम खेळून मंगळवारी घरी गेलेले मी पाहिलेत.

मंदार७
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पैसे किती मिळतात ते सांगा आधी.

गिरगाव_ते_ग्रँडरॅपिड्स
@मंदार७, ईसीएचएलमध्ये किमान पगार आठवड्याला पाचशे-सहाशे डॉलरच्या घरात. घर संघाचं, सामानही संघाचं. पण मोसम ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात ज्याचा त्याने. कोणी गोल्फ कोर्सवर गवत कापतो, कोणी लहान मुलांची शिबिरं घेतो. एएचएलमध्ये वर्षाला किमान पन्नास हजारांच्या वर. आणि एनएचएलचा २०२५-२६ चा किमान पगार पावणेआठ लाख डॉलर. एका जिन्यात एवढा फरक.

मंदार७
म्हणजे लॉटरीचं तिकीट. फरक इतकाच की हे तिकीट दर आठवड्याला घोट्यावर आदळतं.

टोरांटोकर
लॉटरी म्हणू नका हो. जॉनी बॉवरचं नाव ऐकलंत? आमच्या शहराचं दैवत. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात होता. १९४५ पासून एएचएलमध्ये, बहुतेक काळ क्लीव्हलंडला, म्हणजे ताईंच्या ओहायोतच. १९५३-५४ ला न्यूयॉर्क रेंजर्सने वर बोलावलं, सत्तरच्या सत्तर सामने खेळवले आणि पुढच्या मोसमाला परत खाली धाडलं. तेव्हा एनएचएलमध्ये संघ सहा, आणि प्रत्येकाकडे बहुधा एकच गोली. म्हणजे जगात जागा सहा! १९५८ मध्ये टोरांटोने घेतलं तेव्हा तेहतिशी उलटली होती. त्यानंतर चार स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं. पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला, त्यातही बरीच वर्षं तोंडावर मुखवटा न घालता. २०१७ साली ९३ व्या वर्षी गेला.

आता बोला.

अनुस्वार
बोलतो की. टोरांटोकरांनी जिंकलेल्याची गोष्ट सांगितली. हरलेल्यांची कोण सांगणार? प्रत्येक बॉवरमागे दोनशे जण असतील, जे तेहतिसाव्या वर्षी गुडघे धरून विम्याच्या पॉलिसी विकायला लागले. बारा वर्षांच्या मुलाच्या आईला अपवाद दाखवून काय उपयोग?

टोरांटोकर
अपवाद एकटा नाही. टिम थॉमस फिनलंड, स्वीडन, बर्मिंगहॅमचा ईसीएचएल संघ, सगळीकडे फिरून एकतिसाव्या वर्षी बॉस्टनला पक्का झाला आणि २०११ ला सदतिसाव्या वर्षी कप उचलला. जोनाथन क्विक रीडिंगच्या ईसीएचएल संघात होता. जॉर्डन बिनिंग्टन जानेवारी २०१९ पर्यंत कोणाच्या खिजगणतीत नव्हता. सेंट लुईस तेव्हा गुणतक्त्यात तळाला. त्याला उभा केला आणि जूनमध्ये कप.

अनुस्वार
चार नावं झाली. मी अजून दोनशेवरच आहे.

पडवळ
मला मधला माणूस जास्त आवडतो, अनुस्वार आणि टोरांटोकर दोघांनाही न पटणारा. मायकल लेटन. एएचएलच्या इतिहासात सगळ्यात जास्त शटआउट याचे, पन्नास. शटआउट म्हणजे एकही गोल न खाता काढलेला सामना. बॉवरचा ४५ चा विक्रम यानेच मोडला.

२४ एप्रिल २००८. लेटनचा ऑल्बनी विरुद्ध फिलाडेल्फिया फँटम्स, एएचएलचं प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. साठ मिनिटांत निकाल नाही. मग वीस मिनिटांचा जादा डाव, मग दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्या जादा डावात गोल झाला आणि ऑल्बनी ३-२ ने हरलं. लेटनने त्या रात्री ९८ फटके अडवले. अठ्ठ्याण्णव! साधारण सामन्यात गोलीला तीसेक येतात. एवढं करून पराभव त्याच्याच नावावर लागला.

दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या एनएचएल संघाचे बाकी गोली दुखापतींनी आडवे झाले म्हणून हाच माणूस थेट स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत. मॉन्ट्रियलविरुद्धच्या मालिकेत तीन शटआउट. आणि शेवट? ९ जून २०१०, सहावा सामना, जादा डाव. शिकागोच्या पॅट्रिक केनने अवघड कोनातून मारलेला पक (खेळायची रबरी चकती) जाळ्याच्या तळाशी अडकला. कोणालाच दिसला नाही. केन एकटा नाचत सुटला, बाकी सगळे उभे. पुढच्या मोसमात लेटन परत एएचएलमध्ये.

या माणसाला यशस्वी म्हणायचं की अयशस्वी? मला अजून ठरवता आलेलं नाही. विकी पानापेक्षा जास्त वाचलंय त्याच्याबद्दल, तरी.

रसिका_म
पडवळ, दंडवत. केन एकटा नाचत सुटला ते वाचून काटा आला.

पेणकर_काका
आम्हाला हॉकी म्हणजे ध्यानचंद, पण प्रकार ओळखीचा वाटला. आमचे पद्माकर शिवलकर. ५८९ प्रथम श्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही, कारण समोर बिशनसिंग बेदी. संघात डावखुरा फिरकीपटू खेळणार एक. तुमच्या गोलीचंही तेच, जागाच एक.

आणि अमोल मुझुमदार! शारदाश्रमकडून सचिन-कांबळीने १९८८ ला ६६४ ची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा तोच. पुढे ११ हजारांवर प्रथम श्रेणी धावा, भारताची टोपी नाही. नोव्हेंबर २०२५ ला महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक कोण होता ते सांगायला नको.

खवचट_खंडू
काका, आलं क्रिकेट. मी शंभर प्रतिसादांची पैज लावली होती, बारात आलं.

वाकडी_मान
क्रिकेट आलंच आहे तर एक गंमत. पकचं वजन १५६ ते १७० ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूचं १५६ ते १६३. म्हणजे तेवढंच! फक्त पक कडक रबराची चकती आहे, तीन इंच व्यास, एक इंच जाडी, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. ताशी दीडशे किलोमीटरने येतो, तोही समोर चार माणसांचे पाय मध्ये असताना. सहा फूट बाय चार फुटांचं जाळं. यष्टिरक्षकाला निदान फलंदाज एकच असतो.

मंदार७
गोठवलेला चेंडू. आमच्याकडे नळबाजारात टेनिस बॉल भिजवून मारायचे, तेवढ्यानेच मी पुस्तकांकडे वळलो.

फिजिओ_पल्लवी
मी मिशिगनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, गोली नेहमी येतात. ताईंना एवढंच सांगते की पक लागून फारसं काही होत नाही, सामान चांगलं असतं. बिघडतो तो खुबा. हल्लीचे सगळे गोली फुलपाखरासारखे बसतात: दोन्ही गुडघे आत बर्फावर, पोटऱ्या बाहेर पसरलेल्या. सरावात एका दिवसात शंभरेकदा खाली-वर. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत आतल्या बाजूला पिळत राहतं. वाढीच्या वयात हे अति झालं तर हाडाच्या मानेवर उंचवटा येतो आणि तो कड घासत बसतो. पंचविशीत शस्त्रक्रिया करून आलेले मुलगे मी पाहिलेत. जिन्यात कडेला हात धरून उतरतात.

उपाय अवघड नाही. बाराव्या वर्षी बारा महिने गोली करू नका. मोसम संपला की दुसरा खेळ. संघात कधीकधी फॉरवर्डही खेळू दे. लहान वयात मुलांना आळीपाळीने जाळ्यात उभं करा असं यूएसए हॉकीही सांगते. भिंतीवर बॉल झेलायचा खेळ मात्र चालू ठेवा, तो सोन्यासारखा व्यायाम आहे. डोळा आणि हात दोन्ही.

सुगरण_नव्हे
पल्लवी, खूप आभार. हे कोणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षक उन्हाळी शिबिराचे फॉर्म पाठवतोय, दोन-दोन.

बाकीचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. लेटन ऐकून म्हणाला, अठ्ठ्याण्णव अडवून हरला ना, मग झालं तर.

चकलीवाला
मी वेगळ्या वाटेने वर जायचा मार्ग सांगतो: खेळूच नका. नोकरी करा.

२९ मार्च २०१८, शिकागो. एक गोली सामन्याआधी जायबंदी, दुसऱ्याला सामन्यात पेटके. नियम असा होता की घरच्या मैदानात एक हौशी गोली प्रेक्षकांत बसवून ठेवायचा, दोन्ही संघांसाठी, वेळ आली तर. त्या रात्रीचा माणूस होता स्कॉट फॉस्टर, वय ३६, पेशाने अकाउंटंट. कॉलेजनंतर फक्त रात्रीच्या हौशी सामन्यांत खेळलेला. चौदा मिनिटं उभा राहिला आणि सातच्या सात फटके अडवले.

खवचट_खंडू
२९ मार्चला सीए बर्फावर? आमच्याकडे २९ मार्चला सीए बायकोलासुद्धा दिसत नाही.

रसिका_म
खंडू +१. हा प्रतिसाद फ्रेम करून आमच्या सरांच्या केबिनमध्ये लावणार.

टोरांटोकर
आमची जखम उकरलीत. २२ फेब्रुवारी २०२०, डेव्हिड एअर्स. वय ४२, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा, बर्फ सपाट करायची झांबोनी चालवलेला माणूस. कॅरोलायनाचे दोन्ही गोली पडले म्हणून पाहुण्यांच्या जर्सीत उतरला. पहिले दोन फटके आत. मग आठच्या आठ बाहेर. कॅरोलायना ६-३. आम्ही आमच्याच झांबोनीवाल्याकडून हरलो हो!

अवांतर: २०२६-२७ पासून हे संपणार. नव्या करारानुसार प्रत्येक संघाने असा आणीबाणीचा गोली पगारी, पूर्णवेळ ठेवायचा आहे.

पडवळ
ते अवांतर नाही टोरांटोकर, गोलींसाठी ३२ नोकऱ्या झाल्या की.

अनुस्वार
नोकरी कशाची? न खेळण्याची.

पडवळ
ते तर आत्ताही चाललंयच.

लेहवारी
भारतातही आइस हॉकी आहे बरं का. लेहला करझूच्या तळ्यावर हिवाळ्यात भरते. मी चादर ट्रेकच्या आधी दोन दिवस थांबलो होतो तेव्हा पाहिली. कडेला लाकडी फळ्या, चहावाला, आणि जाळ्यात एक मुलगी, पॅड तिच्यापेक्षा मोठे. भारताच्या महिला संघात बहुतेक लडाखच्याच मुली. २०१७ ला पहिला आंतरराष्ट्रीय विजय, फिलिपिन्सविरुद्ध, आणि २०२५ ला आशिया चषकात कांस्य.

रसिका_म
मुलींचं निघालंच तर: पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात जिंकलेली पहिली बाई गोली याच ईसीएचएलची, एरिन व्हिटन, १९९३, टोलीडो स्टॉर्म. परत ओहायो! त्याआधी १९९२ ला मॅनॉन रेओम टॅम्पा बेकडून एनएचएलचा सराव सामना खेळली होती. आणि शॅनन साबाडोसने २०१५ ला पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये शटआउट काढला, ती असं करणारी पहिली. मला वाटतं गोली ही एकच जागा अशी आहे जिथे कोणी धडक मारून पाडत नाही, निदान नियमाने.

गिरगाव_ते_ग्रँडरॅपिड्स
नियमाने. हा हा.

मंदार७
धाग्याचं काश्मीर व्हायचं ते लडाख झालं. ताई कुठे गेल्या?

सुगरण_नव्हे
आहे, आहे. दोन महिने झाले, पण धागा वर आहे हे बघून बरं वाटलं.

शेजाऱ्याचा पत्ता लागला. मधले तीन आठवडे तो घरी बसला होता. मग दक्षिणेतल्या एका संघाचा गोली आजारी पडला तेव्हा दोन सामन्यांपुरता गेला, मग आणखी एकाकडे. गेल्या शनिवारी तो संघ आमच्या गावात आला. त्याने दोन तिकिटं ठेवली होती, मी आणि मुलगा गेलो.

त्याला उभं केलं नाही. डोक्यावर टोपी घालून बाकाच्या टोकाला बसला होता, फाटकाजवळ. खेळाडू बदलायची वेळ आली की तो दार उघडायचा, माणूस आत आला की लावायचा. मध्येच कोणाच्या हातात बाटली द्यायचा, कोणाच्या पाठीवर थाप. जाहिरातीच्या वेळात एकटाच उठून जाळ्यापर्यंत जाऊन यायचा, परत दारापाशी.

सामना संपल्यावर मागच्या गल्लीत बस उभी होती. भेटला. मी डब्यात त्याच्या राइस कुकरमधलाच मसालेभात नेला होता, तो बसच्या पायरीवर उभा राहून खाल्ला. रात्रभर प्रवास, दुसऱ्या दिवशी दुपारी सामना. मी धीर करून विचारलं, हे का करतोस? तो म्हणाला, उद्या मी खेळतोय. आणि त्याचा चेहरा असा, की माझा पुढचा प्रश्न मागेच राहिला.

आता मूळ प्रश्न. नवरा अजून नाहीच म्हणतोय. मी पल्लवीचं ऐकून उन्हाळी शिबिर एकच भरलं, उरलेला वेळ पोहणं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. मुलाला गाडीत विचारलं, कंटाळा नाही आला, तो तर खेळलाच नाही? तर वहीतलं पान दाखवलं. तिसऱ्या डावात त्याने दार किती वेळा उघडलं ते चार-चारच्या रेघा आणि आडवी काट मारून मोजलं होतं. त्यात दोनदा उशीर झाला, हेही वेगळ्या शाईने.

खवचट_खंडू
ताई, चिरंजीवांना सीए करा. दोन्हीकडे चालेल.